पन्नासपैकी अडतीस

आमच्या मजल्यावर मला कात्री म्हणतात. एक तर मी शिवणकाम करते, आणि दुसरं म्हणजे माझं तोंड. गिऱ्हाइकाला रंग शोभणार नसेल तर मी माप घेता घेताच सांगून टाकते. चौदा वर्षांच्या संसारात नवऱ्याला बरं वाटावं म्हणून मी एकदाही खोटं बोलले नव्हते. म्हणून तर इंग्रजीचा अभ्यास त्यांनी विश्वासानं माझ्याकडे सोपवला.

हे एका सहा मजली ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन. दुपारी बारा ते रात्री नऊ स्टुलावर बसायचं आणि साहेब लोक म्हणतील तो मजला दाबायचा. यांना लिपिकाची परीक्षा द्यायची होती. हिशेब यांना तोंडपाठ, सामान्यज्ञानात कुणाला हार जायचे नाहीत, पण इंग्रजीत पन्नासपैकी पंचवीस मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर तपासतच नाहीत. दोनदा हे तिथेच अडकले होते. वयाच्या अटीमुळे ही तिसरी खेप शेवटची.

सकाळी आठ ते नऊ आमची शाळा भरायची. मी काजं करत बसायची आणि ते समोर पुस्तक उघडून. उत्तरांची पानं मी आधीच पुस्तकातून उसवून माझ्या सुयांच्या डब्यात ठेवली होती, म्हणजे यांना डोकावायचा मोह नको. ते उत्तर द्यायचे आणि मी चूक की बरोबर ते सांगायची. बरोबर आलं की ते त्या प्रश्नावर टिक करायचे, आणि टिक केलेल्या प्रश्नाकडे पुन्हा ढुंकूनही बघायचे नाहीत. झालेलं काम पुन्हा कशाला उकरायचं, हा त्यांचा हिशेब.

पहिल्या आठवड्यात चौदा आले, मग सोळा, मग तेरा. मी जसे आले तसे सांगितले. कात्रीच ती. पण तेरा आले त्या दिवशी यांनी ताट अर्धं ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये चौथ्याऐवजी दुसरा मजला दाबला आणि एका साहेबाची बोलणी खाल्ली. तिसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक उघडलंच नाही. म्हणाले, यंदा बसतच नाही परीक्षेला, उगाच हसं करून घ्यायचं.

मी म्हटलं, निदान आजचा पेपर तरी सोडवा. पहिलाच प्रश्न होता 'स्केअर्स' या शब्दाचा अर्थ. यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, स्केअर म्हणजे घाबरवणं, तेव्हा हा शब्द म्हणजे भित्रा. माझ्याकडच्या पानावर दुर्मीळ असं होतं. मी मान वर केली, त्यांचा चेहरा पाहिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बरोबर."

तो चेहरा कसा उजळला म्हणून सांगू. त्या दिवशी ते पोटभर जेवले. मी मनाशी म्हटलं, एकच तर आहे, औषधापुरतं. पण औषधाचीही सवय लागते, देणाऱ्यालाही लागते. दुसऱ्या दिवशी मी दोन दिले, आठवड्यानं पाच, महिन्याभरानं तर त्यांचे मार्क मीच ठरवू लागले. सव्वीस, एकतीस, चौतीस. ते कामावर जाताना शीळ घालायला लागले. शेजारणीला म्हणाले, आमच्या घरात खोटं मिळत नाही हो, इथले मार्क म्हणजे पक्के.

खरे मार्क मी कापडाच्या खडूनं कापड बेतायच्या फळीच्या खालच्या बाजूला लिहीत होते. ते अठराच्या वर कधी गेलेच नाहीत.

मला भीती कधी वाटायला लागली ते नेमकं आठवतं. परीक्षेला बारा दिवस होते. ते पुस्तक चाळत होते आणि मी खांद्यावरून पाहिलं, तर पानापानावर टिकाच टिका. मी नुसते मार्क वाढवत नव्हते, चुकीचं उत्तर त्यांच्या डोक्यात शिवून बसवत होते, आणि तेही डबल टाके घालून. मी सारवासारव करायला गेले. म्हटलं, झालेले पेपर एकदा पुन्हा घेऊ या. ते हसले. "अगं, टिक केलंय ना ते? तूच म्हणालीस बरोबर." मग मी म्हटलं, पुस्तकात छपाईच्या चुका असतात म्हणे. त्यावर म्हणाले, तुला आता माझ्यापेक्षा जास्त धास्ती बसलीय, तू जरा कमी काजं कर. त्या दिवसापासून मला घास गिळेना. आधी ते जेवत नव्हते, आता मी.

तरी वाटायचं, नापास झाले तर झाले, लिफ्ट कुठे जातेय? शेवटचे तीन दिवस उरले आणि तोही आधार गेला.

परीक्षा गुरुवारी दुपारी, आणि त्याच दिवशी इमारतीत लिफ्टची तपासणी निघाली. मॅनेजरनं सुट्टी नाकारली. वर म्हणाला, गुरुवारी आला नाहीस तर नंतरही येऊ नकोस. अकरा वर्षं या माणसापुढे यांची मान वर झाली नव्हती. हे मला घरी येऊन हसत हसत सांगत होते, की मी म्हटलं साहेब, नाही येत नंतरही. पन्नासपैकी अडतीस पडतात मला, तुमची लिफ्ट तुम्हीच चालवा. युनिफॉर्मसुद्धा तिथेच घडी करून देऊन आले होते.

मी खाटेवर बसले. म्हटलं, "अहो, ऐका ना." ते म्हणाले, "बोल की." एवढ्या प्रेमानं म्हणाले की खरं सांगायचा बेत मोडला. लोकांच्या तोंडावर फाडफाड बोलणारी मी, मला एक वाक्य जमेना. शेवटी विचारलं, आपण जाऊन मॅनेजरची माफी मागायची का? ते म्हणाले, कसली माफी, तुझा विश्वास नाही का माझ्यावर?

पुढचे तीन दिवस मी रोज सकाळी ठरवायची की आज सांगायचं. सांगितलं तर धीर सोडून परीक्षेला बसणार, नाही सांगितलं तर चुका घेऊन बसणार. इकडे आड, तिकडे विहीर. मी दोन्हीच्या मधे उभी राहून काजं करत होते, आणि त्या तीन दिवसांत एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला मी काजं उलट्या बाजूला केली.

गुरुवारी मी त्यांच्याबरोबर परीक्षेच्या शाळेपर्यंत गेले. फाटकातून आत जाताना त्यांनी वळून हात केला. बाकीचे उमेदवार अर्ध्या वयाचे, पुस्तकात डोकं खुपसून शेवटची पानं उलटणारे. आमचा एकटाच रिकाम्या हातानं, मजेत. मी समोरच्या पायरीवर दोन तास बसून राहिले.

बाहेर आले ते अक्षरशः उड्या मारत. म्हणाले, आपल्या पुस्तकातले प्रश्न जसेच्या तसे आले होते, एक दोन नाही, चांगले अकरा. बस थांब्याकडे चालता चालता ते बोटांवर एकेक उत्तर सांगू लागले. प्रत्येक उत्तराला मी मनात माझं पान उलटत होते. अकरापैकी सात चुकीची होती, माझ्या 'बरोबर'ची.

"एका ठिकाणी जरा अडलो हं," ते म्हणाले. "सीनियरच्या पुढे टू की दॅन. आमच्या लिफ्टमध्ये साहेब लोक रोज इंग्रजीत बोलायचे ना, हा मला सीनियर, तो तुला सीनियर, त्यात टू ऐकल्यासारखं वाटत होतं. टूवर पेन टेकवलंसुद्धा होतं मी. मग आठवलं, तुला दॅन सांगितलं होतं तेव्हा तू बरोबर म्हणाली होतीस. म्हटलं, कानांवर काय भरवसा ठेवायचा. दॅन लिहून मोकळा झालो."

मी थांबले. बस आली होती, लोक चढत होते. मी त्यांची बाही धरून त्यांना बाजूला घेतलं.

"टूच बरोबर होतं," मी म्हटलं. "मला तेव्हाच माहीत होतं. असे पुष्कळ आहेत. तुमचे मार्क अठराच्या वर कधी गेलेच नव्हते."

त्यांना आधी ती चेष्टा वाटली. मग वाटेना. ते रागावतील, ओरडतील, म्हणून मी अंग चोरून उभी होते. त्यांनी तसं काही केलं नाही. बस निघून गेली तिकडे बघत राहिले, आणि मॅनेजरशी बोलताना अकरा वर्षं त्यांचा जो खालचा आवाज असायचा, त्या आवाजात त्यांनी मला विचारलं, "मग उद्या बारा वाजता मी कुठे जाऊ?"