शिंपीणबाईंच्या बोटातली पांढरी पेशी

मी एक जुनी पांढरी पेशी आहे. जुनी म्हणजे परवाची. आमच्यात तेवढ्यावर म्हातारपण येतं. मित्रांनो, माझा जन्म हाडाच्या मगजातला. शाळा नाही, पाटी नाही. पण वास काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही, मला हात नसला तरी.

रक्तातून फिरत होते, तोच बोलावणं आलं. शिंपीणबाईंच्या बोटात सुई घुसली होती. त्यांच्या घरातली समजूत अशी, की टोचल्या जागी मशीनचं तेल चोपडलं की सुई पुन्हा वाट्याला जात नाही. सुई पुन्हा टोचली नाही, पण त्या मळक्या तेलाबरोबर जंतू आत शिरले.

तिथल्या राखणदार पेशींनी लगेच हिस्टामिन सोडलं. रक्तवाहिन्या रुंदावल्या, त्यांच्या भिंती सैल झाल्या. बोट लाल, गरम, टम्म. जंतूंचा माग सांगणारी आणखी रसायनं भिंतीपर्यंत आली. मी धारेबरोबर वाहूनच जायची. पण बाही धरून थांबवावं तसं भिंतीने मला धरलं. घरंगळत, अडखळत थांबले आणि अंग चोरून फटीतून पलीकडे गेले. तिचे उपकार कसे फेडू? पुढे जिकडे वास दाट, तिकडे मी. दिसला जंतू की गिळला.

बाहेर सून म्हणत होती, "आई, दवाखान्यात चला."

"गणवेश कोण शिवणार? पिळून टाकते, झालं."

"पिळा. आत पसरून बोट कापावं लागलं, तर काजं कोण करणार? माझी तर तुम्ही उसवून टाकता."

शिंपीणबाईंनी हातातला गणवेश बाजूला ठेवला.

"चपला काढ माझ्या," त्या म्हणाल्या. "आणि काजं जरा बारीक घालायला शीक."

मित्रांनो, त्या वेळेवर उठल्या, हे माझं भाग्य. आम्ही एकट्या पुरलो नसतो. डॉक्टरीणबाईंनी चीर दिली, औषध दिलं, म्हणाल्या, "बोट वाचलं."

तुम्हीही जखम स्वच्छ पाण्याने धुवा, तेलबिल लावू नका, पिळू तर मुळीच नका. कापूस जवळ येतोय, म्हणून घाईने सांगते.

"शी, केवढी घाण," शिंपीणबाई म्हणाल्या.

"पू आहे, आजी. तुमच्यासाठी लढून मेलेल्या पेशी आहेत त्यात."

शिंपीणबाईंनी बोट जरा मागे घेतलं.

"मग हळू पुसा की, बाई."