पुढचं घर

संध्याकाळी रावसाहेब नातीला बाल्कनीत पाढे शिकवायला बसवत. पाढा एका श्वासात म्हणायचा. मध्ये थांबलं की पुन्हा पहिल्यापासून. विदर्भातल्या त्यांच्या गुरुजींची हीच रीत होती.

बारा सकं बहात्तरशी समता अडायचीच.

“यार आजोबा, थोडा ब्रेक!”

“ब्रेक कसला? आळस नुसता.”

“अहो, पोरगी आहे की इंजिन?” आजी रमाबाई आतून ओरडायच्या.

दिल्लीतल्या मयूर विहारच्या या सोसायटीत चिठ्ठ्या टाकून फ्लॅट वाटले, तेव्हा रावसाहेबांना मागचा, बागेकडचा लागला होता. तो त्यांनी सूर्यकांत कुलकर्ण्यांशी हौसेनं बदलून घेतला. गावात त्यांच्या लोकांची वस्ती वेशीबाहेर, सगळ्यात मागे. “निदान माझं घर तरी पुढं असू दे, हमरस्त्यावर,” असं ते तेव्हा म्हणाले होते. खाली रात्रंदिवस ट्रक धावायचे, पडदे महिन्यात काळे पडायचे. पण पाहुण्यांना पत्ता सांगताना त्यांचा आवाज चढायचा.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी पाढा म्हणता म्हणता समताचे ओठ निळसर पडले. रावसाहेबांना वाटलं, नाटक करते आहे. “चल, पुन्हा,” ते म्हणाले. ती कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी अस्थमा सांगितला आणि विचारलं, “घर मेन रोड पर है?”

रावसाहेबांनी हळू आवाजात पत्ता सांगितला.

दुसऱ्या दिवशी ते कुलकर्ण्यांच्या दारात गेले. आयुष्यात कुणापुढे जोडले नव्हते ते हात त्यांनी जोडले. “फ्लॅट परत बदलून द्या हो.”

कुलकर्ण्यांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाले, “रावसाहेब, नातवंडं आमच्याकडेही आहेत.”

मुलगा समाधान घर विकायला निघाला. पण रस्त्यावरच्या घराला गिऱ्हाईक मिळेना. शेवटी सून समताला घेऊन अमरावतीला भावाकडे गेली. तिथल्याच शाळेत नाव घातलं.

महिन्यानं फोन आला.

“आजोबा! मी इथं रोज पळते. मामाच्या मागं, बिल्कुल न थांबता!”

“आणि खोकला?”

“नाही ना! मी दिल्लीला कधी येऊ?”

रमाबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. रावसाहेबांच्या तोंडाशी आलं होतं, सुट्टी लागली की ये.

“तू तिथंच राहा, बाळा,” ते म्हणाले आणि फोन रमाबाईंच्या हातात दिला.