बोटातला उजेड

सभागृहातले दिवे गेले आणि शेकडो बोटं एकदम पेटली. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, मोबाईलचा टॉर्च चालू आणि टॉर्चवर तर्जनी. अंधारात ती बोटं निखाऱ्यासारखी लाल दिसत होती. मोठ्या पडद्यावर उजेडभाऊंचा हसरा चेहरा होता आणि ते मऊ आवाजात सांगत होते, "बघा, तुमचं रक्त तुमच्याशी बोलतंय. ज्यांचं काळपट दिसतंय त्यांनी घाबरू नका. आपण ते धुतोय. श्रद्धेनं दाबा. अजून जरा. उजळलं ना?"

"उजळलं," सगळं सभागृह म्हणालं. मागे कुणीतरी रडू लागलं, तशी वृत्तवाहिनीचा कॅमेरा लगबगीनं तिकडे वळला.

हे उजेडभाऊ राहतात कुठे, शिकलेत काय, कुणालाच ठाऊक नव्हतं. पूर्वी ते मोबाईलची कव्हरं कशी निवडावीत यावर व्हिडिओ करायचे म्हणे. पण ज्याचे बघणारे जास्त त्याची अक्कल जास्त, असा हल्लीचा न्याय आहे. त्या न्यायानं उजेडभाऊ मोठे विद्वान होते.

शेवटच्या रांगेत ताई उभी होती. ती इस्पितळात डायलिसिसच्या मशीनवर काम करायची. मूत्रपिंडं निकामी झालेल्यांचं रक्त मशीनमधून गाळून परत अंगात सोडायचं, हे तिचं रोजचं काम. तिथले सगळे पेशंट तिला ताईच म्हणत. पण ज्याची ती सख्खी ताई होती, तो धाकटा भाऊ त्या वेळी स्टेजवर माईक धरून उभा होता.

"आठवडा झाला, मी मशीनला हात लावलेला नाही," तो म्हणाला. टाळ्या कडाडल्या. वाक्य संपवताना त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली, हे फक्त ताईला दिसलं. त्याच्या चपलांचे पट्टे सुजलेल्या पायांत रुतले होते.

धाकटा एके काळी मैदानावर सामन्यांचं धावतं वर्णन करायचा. त्याचा आवाज ऐकायला लोक सामना संपल्यावरही रेंगाळायचे. मग मूत्रपिंडं गेली, मैदानं सुटली आणि आठवड्यातून तीनदा चार-चार तास खुर्चीत पडून राहणं नशिबी आलं. माईक नाही, गर्दी नाही. हातात फक्त मोबाईल. त्यातच त्याला उजेडभाऊ सापडले. डायलिसिसच्या पेशंटच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात, त्यातूनही लाल उजेड दिसतो. "मशीन दाखवतं तेच हे दाखवतं, फुकटात," असं म्हणून त्यानं स्वतःच्या बोटाचा व्हिडिओ टाकला. उजेडभाऊंनी तो पुढे पाठवला आणि रातोरात लाखो लोकांनी पाहिला. वाहिनीनं बातमी केली: 'मशीनला हरवणारा माणूस'. झालं. लोकांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि तिथून खाली बघायची त्याची छाती होईना.

त्याचं बघून वॉर्डातल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होऊ लागल्या. डॉक्टरांनी घरोघरी फोन केले. उत्तर एकच, "आमचं बोट उजळतंय." खिडकीजवळच्या खुर्चीतले आजोबा फार गोड माणूस. ताईसाठी रोज एक शब्दकोडं अर्धवट सोडून ठेवायचे. ते मंगळवारी आले नाहीत, गुरुवारी आले नाहीत. शनिवारी त्यांच्या सुनेचा फोन आला की ते गेले.

ताई तडक भावाच्या घरी गेली.

"कळलं मला," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "उजेडभाऊ बोलले सकाळीच त्यावर. आजोबांची श्रद्धा कमी पडली."

ताईला वाटलं, हे हा बोलतोय? लहानपणी मेलेल्या चिमणीसाठी दिवसभर न जेवलेला हा पोरगा.

भावजय स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाली, "रात्री आडवे होत नाहीत. बसूनच झोपतात. आडवं झालं की गुदमरतं म्हणतात."

"तू गप्प बस. शुद्धी होताना त्रास होतो," धाकटा म्हणाला.

ताईला भांडायचं होतं. पण भांडून काय होणार? तिनं आवाज खाली आणला. "लोक तुला रोज बोटांचे फोटो पाठवतात आणि तू बघून सांगतोस ना, कुणाचं रक्त शुद्ध, कुणाचं घाण?"

"सांगतो. नजर बसलीये आता."

"मग मलाही बघू दे. मी पडद्यामागे जाते. एक-एक बोट बाहेर येईल, तू नुसतं सांग."

खिडक्या लावून घेतल्या. ताई भावजयीला घेऊन आतल्या खोलीत गेली. दाराच्या पडद्याआडून टॉवेलमध्ये गुंडाळलेला एक हात बाहेर आला. उघडं होतं ते फक्त टॉर्चवर ठेवलेलं बोटाचं टोक. धाकट्यानं मान पुढे काढली आणि त्याचा जुना मैदानी आवाज लागला.

"काळपट आहे. आत बरंच साचलंय. ह्या माणसानं रोज दोनदा उजेड घ्यायला हवा."

हात आत गेला. थोड्या वेळानं पुन्हा बाहेर आला.

"हां, हे बघ. लख्ख. हे माणूस सुटलं. एवढं स्वच्छ रक्त मी अजून पाहिलं नाही."

पडदा सरला. पडद्यापाशी ताई एकटीच होती. भावजय लांब पलंगावर बसली होती.

"दोन्ही वेळा माझंच बोट होतं," ताई म्हणाली. "पहिल्यांदा हलकं ठेवलं, दुसऱ्यांदा दाबलं. बस, एवढंच. दाबलं की टोकातलं रक्त मागे सरतं आणि उजेड जास्त दिसतो. कुणाच्याही बोटातून टॉर्च लालच दिसतो रे, धडधाकट माणसाच्याही आणि मरायला टेकलेल्याच्याही. त्या चिमट्याला ऑक्सिजन कळतो, रक्तातलं विष कळत नाही. तुझ्या उजेडभाऊंचा पहिला व्हिडिओ आठव. काय म्हणतात? हलकंच ठेवा. आणि आठवड्यानं? श्रद्धेनं दाबा. शिवाय अंधाराला डोळे सरावले की सगळंच उजळ दिसतं."

धाकट्यानं तिचा मोबाईल हातात घेतला. बोट ठेवलं, दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं. तो बराच वेळ तेच करत राहिला.

"आता परत कसा जाऊ?" शेवटी तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "एवढे लोक बघतायत, ताई. खूप वर्षांनी बघतायत."

ताईला रडू फुटलं. त्याला आजाराची नव्हे, विसरलं जाण्याची भीती होती, आणि हे तिच्या इतके दिवस लक्षातही आलं नव्हतं.

तेवढ्यात वाहिनीच्या वार्ताहराचा फोन आला. उद्याच्या मुलाखतीचं काय, असं विचारत होता. धाकट्यानं अडखळत खरं सांगितलं.

"असं ऐनवेळी नका करू हो," वार्ताहर म्हणाला. "बरं, मग चर्चाच ठेवू. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला उजेडभाऊ. खरं-खोटं काय, ते लोक ठरवतील."

ताईनं फोन घेतला. "रक्त गाळायचं की नाही यावर मतदान घेणार का तुम्ही? एक आजोबा गेलेत. त्यांची बातमी करा."

"त्याला कोण बघणार, मॅडम?" तो अगदी सरळपणे म्हणाला.

इस्पितळात पोचेपर्यंत धाकट्याच्या हृदयाचे ठोके अडखळू लागले होते. डॉक्टरांनी काही विचारलं नाही, त्याला सरळ मशीनला जोडलं. "उद्यापर्यंत थांबला असतात तर आणायची वेळच आली नसती," एवढंच ते ताईला म्हणाले.

जरा बरं वाटल्यावर त्यानं खुर्चीतूनच व्हिडिओ केला. टॉर्चवर बोट हलकं ठेवून दाखवलं, मग दाबून दाखवलं, आणि मी चुकलो, माझं ऐकू नका, असं स्वच्छ सांगितलं. तो व्हिडिओ शे-दोनशे लोकांनी पाहिला. उजेडभाऊंनी त्याला आपल्या शिष्यांच्या यादीतून काढून टाकलं आणि 'विकला गेलेला माणूस' असं नाव दिलं. जुना व्हिडिओ मात्र कुठल्या कुठल्या अनोळखी खात्यांवरून फिरतच राहिला. पुसून पुसून किती पुसणार? पी हळद आणि हो गोरी, हे ऐकायला कान नेहमीच तयार असतात. चूक झाली म्हणणाऱ्याला कुणी टाळी देत नाही.

पुढच्या खेपेला तो मशीनवर असताना एक निरोप आला. कुठल्याशा दूरच्या गावातली एक बाई.

'भाऊ, तुमचा व्हिडिओ बघून मुलाचं मशीन बंद केलं. बोट छान उजळलंय. पण सकाळपासून हाक मारली तरी तो नीट उठत नाही. अजून किती दाबायचं?'

धाकट्याच्या एका हातात सुया होत्या. दुसऱ्या हातानं त्यानं नंबर लावला आणि मोबाईल कानाशी धरला. ताई शेजारी येऊन उभी राहिली.

"हो, मीच तो," तो म्हणाला. आवाज ओळखू येत नव्हता. "दाबू नका. तुमचं स्वतःचं बोट धरा टॉर्चवर, तेही तसंच लाल दिसेल. कुणाचंही दिसतं. नाही, उजेडभाऊंना विचारू नका, मलाही विचारू नका. जो मुलाचं रक्त तपासेल त्याला विचारा. लाख लोकांनी बघितलं म्हणून खोट्याचं खरं होत नाही, बाई. शेजाऱ्यांना हाक मारा, गाडी बोलवा, त्याला उचला. फोन ठेवू नका. मी बोलत राहतो, तुम्ही निघा."