तिसऱ्या भागातला हात

नेवेन्काने फोन डोक्यावर उंच धरला आणि टेकडीच्या माथ्यावर, हवेच्या पाइपाभोवती, आणखी एक चक्कर मारली. घर तिच्या पायाखाली, टेकडीच्या पोटात कोरलेलं होतं. स्वयंपाकघराच्या वर उभं राहिलं की रेंज यायची, बाबांच्या खोलीवर सरकलं की जायची. फोनची काच इतकी तापली होती की ती सारखी हात बदलत होती.

पाइपातून आवाज वर आला.

"सापडला का?"

"नाही अजून."

"मगाशी तर म्हणालीस सापडला."

"पहिला आणि दुसरा सापडला, बाबा. चौथा, पाचवा, सहावा दुसऱ्या ठिकाणी आहेत. पुढचे भाड्याने घ्यावे लागतात. तिसरा कुठेच नाही."

जमिनीतून खोकला आला, आणि खोकल्याच्या मागून, "नीट बघ. लहानपणापासून धांदरट तू."

नेवेन्काने पाइपाकडे असं पाहिलं, जसा काही तोच तिचा बाप होता. दूरवर, जिथवर नजर जाईल तिथवर, खाणींतून उपसलेल्या मातीचे पांढरे ढीग उन्हात बसले होते. एकेका ढिगाशेजारी एकेक उघडा खड्डा. कूबर पीडीसारख्या खाणींच्या गावात चालताना माणूस मागे पाऊल टाकत नाही. ॲडलेडला इतकी वर्षं राहूनही तिची ती सवय गेली नव्हती.

ह्याच ढिगांमध्ये 'खालचा'चे पहिले तीन भाग झाले होते. भागीदारांनी खड्ड्यात गाडलेला एक खाणवाला दर सिनेमात वर येतो आणि एकेकाला खाली ओढून नेतो, एवढीच ती गोष्ट. नऊ सिनेमे झाले तरी त्याचं पोट भरलं नव्हतं. तिसऱ्या भागात मातीतून जो हात वर येतो तो युरेचा, तिच्या बापाचा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सुरुंगात उडालेल्या दोन बोटांच्या जागी सिनेमावाल्यांनी रबराची बोटं लावली होती, हे बाबा दारूच्या गुत्त्यात पन्नासदा तरी सांगून चुकले होते. शाळेत पोरं बाकाखालून हात काढून नेवेन्काचा घोटा धरत. "तुझा बाप आला," म्हणत. ती किंचाळली की वर्ग हसायचा. तिने तो सिनेमा कधी पाहिला नाही. कुठलाच भाग पाहिला नाही.

आणि आता तोच शोधत ती उन्हात भाजत होती. बाबांचा डावा डोळा कधीचाच गेला होता. उजव्या डोळ्याच्या मधोमध एक डाग पडला होता आणि तो पसरत होता. ॲडलेडच्या डॉक्टरबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, त्यांना जे बघायचं असेल ते आता दाखवा. उद्या सकाळी ती त्यांना कायमचं घेऊन जाणार होती. बाबांनी बॅगेत एक मोजासुद्धा टाकला नव्हता. तिसरा भाग दाखव, मग निघू, एवढंच सकाळपासून चाललं होतं.

डोळे जायला निघाले तरी म्हाताऱ्याला स्वतःलाच बघायचंय, असं तिच्या मनात आलं, आणि मग ते मनात आल्याचाच तिला राग आला.

तिने चौथा भाग फोनवर उतरवून घेतला आणि खाली गेली.

दाराच्या आत पाऊल टाकलं की ऊन संपायचं. डोंगर कोरून काढलेल्या भिंतींवर यंत्राच्या दातांचे वळ होते; लहानपणी ती त्यांवरून बोटं फिरवत झोपायची. बाबा कोचावर बसले होते, तोंड टीव्हीकडे नाही, किंचित दाराकडे. मधलं दिसेनासं झाल्यापासून ते सगळं असंच बाजूने बघायचे.

"मिळाला," ती म्हणाली आणि फोनची वायर टीव्हीला लावली.

बाबा सावरून बसले. उरलेल्या तीन बोटांनी त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. ते बटण पाहून नेवेन्काने नजर खाली घातली.

सिनेमा सुरू झाला. वारा, मग संगीत, मग रात्रीचा रस्ता.

"हा तिसरा नाही," बाबा म्हणाले.

"तिसराच आहे."

"तिसऱ्यात पहिल्यांदा कुत्रं भुंकतं. स्टिपेचं कुत्रं, आमच्या खाणीवरचं. त्याला गप्प करता करता सिनेमावाले दमले, शेवटी राहू दिलं तसंच." त्यांनी मान तिच्याकडे वळवली. "आंधळा समजतेस, ते ठीक आहे. बहिरा समजू नकोस."

नेवेन्काने वायर काढली. ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला, आणि पुन्हा वर गेली.

टेकडीवरून शेजारच्या घरातली वूलामावशी येत होती. हातात पालकाच्या पेस्ट्रीचं ताट, डोक्यावर पुरुषी टोपी. गावात व्हिडिओचं दुकान होतं तेव्हा ते तिचं होतं.

"अगं, घराच्या डोक्यावर काय नाचते आहेस? खाली माती पडेल."

"मावशी, 'खालचा'चा तिसरा भाग. कुठेच नाही. जसं काही दोननंतर त्यांना चारच येतात."

वूलामावशीने ताट पाइपावर ठेवलं आणि हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले.

"त्या नावाने शोधतेस होय? त्या नावाने कसा मिळेल? ते बनवणारे आपसात भांडले, तिसरा भाग तिसऱ्याच कुणाकडे गेला. त्याने त्याचं नाव ठेवलं 'पांढरे ढीग'. कॅसेट त्याच नावाने आली माझ्याकडे."

"पण सगळं गाव तर…"

"सगळं गाव माझी चिकटपट्टी वाचायचं. मीच वर पट्टी लावली आणि 'खालचा, तीन' लिहिलं. नाही तर कोण नेणार होतं? इथे ढीग बघायला कोण पैसे देतं?"

नेवेन्काही हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

"तुझा बाप मात्र नेत राहिला," मावशी म्हणाली. "दर शनिवारी. बाकी कॅसेट नव्यासारखी, आणि मधे एका जागी झिजलेली. त्या हाताच्या जागी. शेवटी मशीनने खाल्ली. मी म्हटलं त्याला, युरे, स्वतःचाच हात बघायचा तर खिशातून काढ आणि बघ, फुकट आहे. तर काही बोलला नाही. तो कधी गप्प बसतो का? त्या दिवशी बसला."

खालून आवाज आला. "वूला, मला ऐकू येतंय."

"ऐकायलाच बोलते आहे मी."

'पांढरे ढीग' इंटरनेटच्या एका कोपऱ्यात पडून होता, वाचनालयाच्या सभासदांसाठी. नेवेन्काच्या पाकिटात ॲडलेडच्या वाचनालयाचं कार्ड होतं. तिने नंबर चुकवला, पुन्हा घातला. निळी रेघ मुंगीसारखी सरकत भरायला लागली, आणि ती भरेपर्यंत नेवेन्का फोनवर आपली सावली धरून उभी राहिली, तान्ह्या पोरावर धरावी तशी.

कुत्रं भुंकलं.

बाबांनी मान डोलावली. ह्या वेळी नेवेन्काही कोचावर बसली, पाय वर घेऊन. कुठलाही भीतीचा सिनेमा ती असाच बघायची. पाय जमिनीवर ठेवले की घोट्यांना काहीतरी वाटायचं.

पडद्यावर सगळं ओळखीचं होतं. तेच पांढरे ढीग, तीच दुपार. एक नटी पळत आली, धाप लागून एका खड्ड्याच्या काठाशी बसली. बाबांची बोटं कोचाच्या हातावर वाजत होती, ती थांबली.

माती हलली.

नेवेन्काला डोळे मिटायचे होते. इतकी वर्षं मिटलेच होते. पण शेजारी बाबा पुढे झुकले, मान वळवून, डोळ्याच्या कडेने, चोरून बघावं तसे, आणि म्हणून तिने पाहिलं.

मातीतून बोटं वर आली. मग तळवा. मग मनगट, आणि मनगट बारीक होतं. मातीने माखलेला तो हात हवेत चाचपडला, बोटं उघडली, मिटली. रबर असं मिटत नाही. करंगळी मात्र नीट मिटली नाही. ती आत वाकलेली होती, शेजारच्या बोटाकडे, जशी काही कानात काही सांगायला.

नेवेन्काने आपल्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. दिवसभर तिची अशीच वाकलेली करंगळी फोनच्या मागे अडखळत होती.

आई, टोन्का, गेली तेव्हा नेवेन्का चार वर्षांची होती. घरात तिचा एकच फोटो होता, लग्नातला, आणि त्यात तिचे दोन्ही हात फुलांच्या गुच्छाखाली होते. तुझे हात तिच्यावर गेलेत, असं बाबा म्हणायचे. कसे, ते पडताळायला काही नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली. "ही बोटं रबराची नाहीत."

बाबांनी तोंड वळवलं नाही.

"त्यांना उजवा हात हवा होता, पाची बोटांचा. माझ्या उजव्याला तीन. टोन्का म्हणाली, मी उतरते." त्यांची बोटं पुन्हा कोचाच्या हातावर वाजली. "स्टिपे पोर्ट ऑगस्टाला गेला होता, कुत्रं मागे ठेवून. खड्ड्यात बाई उतरली असं कळलं असतं ना, तर त्याने दुसऱ्या दिवशी तो खड्डा सोडला असता. माझी भागीदारीही सोडली असती. बाई खाणीत उतरली की अपशकुन, मानायचा तो असलं. मीच रहाटावरून तिला खाली सोडलं. दोर धरून हसत होती. गप्प बस म्हटलं, कुत्रं आधीच भुंकतंय."

"पण स्टिपेकाका जाऊनही आता किती वर्षं झाली."

"झाली."

"मग मला का नाही सांगितलंत?"

पडद्यावरची नटी ओरडत होती. बाबांनी तिचं ओरडणं संपू दिलं.

"तू त्या हाताला घाबरायचीस," ते म्हणाले. "रात्री माझ्या अंथरुणात यायचीस. म्हटलं, भीती माझ्या हाताची असू दे."

हात पुन्हा मातीत गेला. आधी मनगट गेलं, मग तळवा, आणि शेवटी ती करंगळी. ढिगावर नुसतं ऊन राहिलं.

बाबांनी शर्टाचं वरचं बटण काढलं.

"झालं," ते म्हणाले. "बंद कर. बॅग काढ ती कपाटावरची."

"थांबा जरा," नेवेन्का म्हणाली.

तिने सिनेमा मागे नेला, नटी पळत येते तिथवर, मग आणखी मागे, कुत्रं भुंकतं तिथवर. मग कोचावरून दोन्ही पाय खाली सोडले, आणि अनवाणी तळवे थंड जमिनीवर टेकवून बसली.