आठ दिवसांनी विचारीन

वाचनालयामागच्या खोलीत दर तीन महिन्यांनी स्काऊटची बढती-समिती बसे. टेबलामागे औषधवाले अध्यक्ष आणि शेजारी काकू. काकूंचा धंदा शिवणाचा. मुलांच्या गणवेशावरचे बिल्ले त्याच टाचत. पण समितीत त्या यायच्या ते खरं तर मुलांच्या प्रगतीच्या वह्यांसाठी. त्यांचे यजमान, म्हणजे मुलांचे सर, बावीस वर्षं पथकप्रमुख होते. प्रत्येक मुलाच्या वहीत त्यांचे शेरे असत: "गाठ पक्की. आता तोंडालाही एक मार." माणूस जाऊन सहा महिने झाले, तरी त्या अक्षरात तो अजून चिडवत होता.

आज चिमणी आली. सरांच्या हाताखालच्या मुलांपैकी ही शेवटची. सकाळपासून काकूंचं शिवणात लक्ष नव्हतं.

वहीत एकच सही कमी होती. दोराच्या पुलापुढे सरांनी लिहिलं होतं, "जमला. आठ दिवसांनी पुन्हा विचारीन." शिकवलेलं मुरलं का, हे पाहिल्याशिवाय सही करायची नाही, ही त्यांची खोडच. पाचव्या दिवशी ते गेले.

"सही नाही ना? मग बांधून दाखव," औषधवाले म्हणाले. संशयाचा रोग त्यांना जुना. त्यावर त्यांच्या दुकानात गोळी नव्हती.

"अहो, समितीनं पुन्हा परीक्षा घ्यायची नसते. नुसतं बोलायचं," म्हणत काकू पोरीकडे वळल्या. "काय झालं गं त्या दिवशी?"

"ओढ्यावर बांधलेला पूल मधोमध सैल पडला, काकू. सर म्हणाले, आधी मी जातो, बुडलो तर शेरा तूच लिही. आणि बूट भिजवूनच परत आले. मग मी पुन्हा ताणून बांधला, तेव्हा कुठे 'जमला' लिहिलं."

काकू पोटभर हसल्या. मग दमले होते का, डबा खाल्ला का, माझं काही बोलले का, असं विचारतच राहिल्या. औषधवाले दोनदा खाकरले, तेव्हा त्या चपापल्या. बढती पोरीची आणि चौकशी चालली होती नवऱ्याची.

तरी मनात आलंच. सही नाही, कारण आयतंच आहे. पुढच्या वेळी ये म्हणावं. पुन्हा येईल, पुन्हा सांगेल. औषधवाले तर लगेच मान डोलावतील.

वहीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "आठ दिवसांनी सरांनी विचारलं असतं, तर काय सांगितलं असतंस?"

चिमणी म्हणाली, "आठव्या दिवशी मी पूल बांधून ठेवला होता, काकू. अजिबात सैल पडला नाही. सर नाहीत हे माहीत होतं. तरी संध्याकाळपर्यंत थांबले."

काकूंनी सही केली. औषधवाल्यांनीही निमूटपणे केली.

"वही तुम्ही ठेवा," चिमणी जाताना म्हणाली.

काकूंचा जीव तुटत होता त्या वहीसाठी. "तुझी आहे ती. घेऊन जा," त्या म्हणाल्या.

पुढचा मुलगा आत आला. त्याच्या वहीत पहिल्या पानापासून नव्या प्रमुखांचं अक्षर होतं. गोल, नीटनेटकं, कुठे एक चेष्टा नाही. उठून घरी जावं असं काकूंना वाटलं. पण त्या पोराचा काय दोष? त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "हं, सांग बाबा, काय काय शिकलास?"