एका पालकाची सही

सकाळच्या वेळी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक कमी असतं. तेवढ्यात धाकटी वाकड्या झालेल्या काड्या सरळ करून घेई. काडी गरम हवेच्या यंत्रापुढे धरायची, मऊ झाली की अंगठ्याने हलकेच वाकवायची आणि गार होईपर्यंत सोडायची नाही. उजवं मनगट मोडल्यापासून हे काम तिला जड जात होतं, पण मालकाला तिने तसं कधी जाणवू दिलं नाही. दुकानाच्या मागच्या बाजूला, खोक्यांच्या आडोशाला, तिची ठकी बसलेली असे. ठकी चौथीत जाणारी मुलगी. जाणारी आपलं म्हणायचं, कारण शाळेचं तोंड पाहून तिला कितीतरी महिने लोटले होते. चष्म्याच्या रिकाम्या डब्या ती रंगाप्रमाणे लावी, मोडी आणि पुन्हा लावी.

"आई, वर्गात आता भागाकार कुठपर्यंत आला असेल गं?" ती मध्येच विचारी, आणि धाकटी काडीवरची मान वर करत नसे.

मुलगी घरी का बसली, ते आधी सांगायला हवं. धाकटीचा नवरा हात उचलायचा. सहन होईल तोवर सहन करून एके दिवशी ती मुलीला घेऊन माहेरी आली. नवऱ्याचं घर आणि ठकीची शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे शाळा बदलणं आलं. माहेरी आई, दादा आणि वहिनी. वडील गेले तेव्हा धाकटी लहान होती. दादाने स्वतःचं शिक्षण सोडून तिचं पुरं केलं. त्याने दिवसाला रात्र म्हटलं असतं तर तिने दिवा लावला असता, इतका तिचा त्याच्यावर विश्वास.

आणि विश्वास ठेवायला कारणही तसंच होतं. शहरातल्या सगळ्या सरकारी शाळा ज्या मंडळाच्या हाताखाली, त्या मंडळाच्या कार्यालयात दादा नोकरीला होता, तोही धोरण विभागात. प्रवेश कुणाला, दाखला कसा, शिक्षा कुठवर, या साऱ्याचे नियम तिथे असत. असत म्हणजे पडलेले असत. रद्द झालेले आणि लागू असलेले एकाच ढिगात, आणि शोधायला जाणारा शिंका देत परत येई. दादाने ते मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशीही जाऊन त्याने सगळी धोरणं विषयवार लावली, मेलेली बाजूला काढली, जिवंत ठेवली. कुणीही खिडकीवर येऊन विषय सांगावा आणि नियम घेऊन जावा, अशी सोय त्याने केली. मंडळाने खूश होऊन त्याचा सत्कार ठरवला होता.

असा माणूस घरात असताना बाहेर कशाला विचारायचं? धाकटीने दादालाच विचारलं.

"शाळा बदलायची तर वडिलांची सही लागते," दादा म्हणाला. "नियमच आहे गं. माझ्या हातात असतं तर मी थांबलो असतो का?"

झालं. दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती सही मागायला नवऱ्याकडे गेली. त्याने तिला जिन्यातच उभं ठेवलं. "सही हवी ना? मग घरी ये, नीट नांद. सही कुठे पळून जातेय?" पुन्हा गेली, पुन्हा तेच. मग आई समजावू लागली. "पोरीच्या शिक्षणासाठी एवढं कर बाई. जा, राहा थोडे दिवस. सही झाली की पुढचं पुढे बघू."

ती गेली. ठकीला दादाकडे ठेवून, कपड्यांची पिशवी घेऊन, ज्या घरातून जीव वाचवून आली होती त्याच घरात परत गेली. रोज संध्याकाळी ती अर्ज नवऱ्यापुढे ठेवी आणि तो त्यावर चहाचा कप ठेवी. एका संध्याकाळी तिने कप उचलून बाजूला केला. त्याने तिचा तोच हात धरून पिरगळला. मनगट दोन ठिकाणी मोडलं.

दवाखान्यात दादा धावत आला. प्लास्टरमधला तिचा हात मांडीवर घेऊन लहान मुलासारखा रडला. "माझ्या हातात असतं तर," पुन्हा म्हणाला. वाचकहो, त्या वेळी तिनेच त्याची समजूत घातली. "तू काय करणार दादा, नियमापुढे तुझं तरी काय चालणार?"

धाकटी माहेरी परतली. प्लास्टर निघालं, सही मिळाली नाही, ठकी दुकानात खोक्यांमागे बसू लागली. एके दिवशी जवळच्याच शाळेच्या मोठ्या बाई चष्म्याची नाकावरची पकड बसवून घ्यायला आल्या. त्यांची नजर ठकीवर गेली.

"हिला आज शाळा नाही का?"

"नाव घालायचंय तुमच्याच शाळेत. पण वडील सही देत नाहीत."

"वडिलांची कशाला? तुम्ही आहात ना?" बाईंनी सहज विचारलं. "तो नियम गेला केव्हाच. मूल ज्याच्याकडे राहतं त्या एका पालकाची सही पुरते. तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

धाकटीने बाईंचा चष्मा पुसून पुढे केला. कुणी सांगितलं ते तिला सांगवेना. बाई गेल्यावर ती स्वतःशीच दादाची बाजू मांडू लागली. इतके नियम, एखादा नजरेतून सुटला असेल. कामाच्या रगाड्यात राहून गेला असेल. असं म्हणत म्हणत तिने मालकाकडून तासाभराची सुट्टी घेतली आणि मंडळाचं कार्यालय गाठलं. दादा वरच्या मजल्यावर बसे. ती वर गेली नाही, खालच्या खिडकीवर उभी राहिली. तिथला कारकून तिला ओळखत नव्हता.

"शाळा बदलण्याचा नियम हवा होता."

तो उठला, एका कप्प्यातून कागद काढला आणि तिच्यापुढे ठेवला. एवढं सोपं. "पूर्वी आल्या असतात ना, तर दोन दिवस हेलपाटे घालावे लागले असते," तो कौतुकाने म्हणाला. "आमच्या साहेबांनी लावून ठेवलंय सगळं. हा नियम तर त्यांनी मुद्दाम वर ठेवायला सांगितलाय. बायका फार येतात म्हणाले याच्यासाठी."

मूल ज्याच्याकडे राहतं, त्या एका पालकाची सही पुरेशी. धाकटीने तिथेच उभं राहून वाचलं, पुन्हा वाचलं. शहरातली कुणीही बाई यावी आणि हे घेऊन जावी, अशी व्यवस्था तिच्या दादाने केली होती. परक्या बायकांसाठी त्याने केवढी काळजी घेतली होती. तिलाच तेवढं ते मिळालं नव्हतं, कारण ती खिडकीवर न येता घरच्या माणसाला विचारत बसली होती. असा राग आणि असं रडू तिला एकदम आलं की कारकुनाने पाण्याचा पेला पुढे केला.

संध्याकाळी वहिनीने ताटं वाढली. दादा हात धुऊन बसला. धाकटी उभीच राहिली.

"दादा, शाळा बदलायला कुणाची सही लागते?"

"पुन्हा तेच? वडिलांची."

"खिडकीवर तर सांगितलं, एका पालकाची."

"कुठल्या खिडकीवर?"

"तुझ्या."

दादाचा घास हातातच राहिला. वहिनीने पातेलं खाली ठेवलं. दादा ताटाकडे बघत म्हणाला, "तुला आत्ता नाही कळायचं. पोरीची शाळा इथली झाली की तू कायमची इथली झालीस. सहीच्या निमित्ताने तुमचं जाणं-येणं राहिलं असतं, त्याचा राग निवळला असता. तुझं घर मोडू नये एवढंच माझ्या मनात होतं."

"आणि हात मोडला तो?"

"इतक्या थराला जाईल असं वाटलं नव्हतं मला."

"दवाखान्यात रडलास ना माझा हात धरून. तेव्हा तरी सांगायचंस."

 तेव्हा सांगितलं असतं तर तिला परत कुणी पाठवलं, तेही सांगावं लागलं असतं.

"त्याला बोलू नकोस," कोपऱ्यातून आई म्हणाली. "मीच सांगितलं होतं त्याला, तसं म्हण म्हणून. नवरा टाकलेली पोर किती दिवस घरात ठेवायची? लोकांना काय तोंड दाखवायचं?"

 भावाने फसवलं हे कळून धाकटीला काही तास तरी झाले होते. आईचं तिला आत्ता कळत होतं. जा बाई, राहा थोडे दिवस, म्हणत पिशवीत कपडे भरून देणारे ते हात तिला आठवले आणि तिला आईकडे बघवेना.

वहिनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र उभं राहतं. या घरात वहिनीला कशाचा पत्ता नव्हता. "मी रोज हिला विचारत होते, सही झाली का, सही झाली का," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि तुम्ही शेजारी बसून जेवत होतात." तिने स्वतःचं ताट उचलून आत नेलं.

दादा सावरला. "हे बघ, झालं ते झालं. उद्या मोठ्या बाईंना फोन टाकतो. माझ्या शब्दाबाहेर नाहीत त्या. तुला जावंही लागणार नाही. फक्त बाहेर बोलू नकोस, सत्कार तोंडावर आलाय."

"नको," धाकटी म्हणाली.

"अगं, काम होतंय ना?"

"तुझ्या फोनने नको. माझ्या हक्काचं होतं ते तू लपवलंस, आणि आता उपकार म्हणून देतोस? तेही तोंड बंद ठेवायच्या बोलीवर? माझ्या सहीने होतं ते माझ्या सहीनेच होईल. आणि बोलायचं म्हणशील तर मी बोलणार आहे दादा. मिळेल तिथे बोलणार आहे."

आईने ठकीची शपथ घालून पाहिली. ठकीसाठीच बोलणार आहे, असं तिला उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी धाकटीने शाळेत सही केली. मनगट वळत नसल्याने ती जरा वाकडी आली, पण चालली. अडीअडचणीला कुणाला बोलवायचं, असं शाळेने विचारलं. आजवर या प्रश्नाचं तिचं उत्तर एकच असे. या वेळी तिने वहिनीचं नाव सांगितलं. आठवड्याभरात दुकानामागची खोली तिने भाड्याने घेतली. दादाचा सत्कार थाटात झाला म्हणे. ती गेली नाही.

जवळचं नीट दिसतं का ते बघायला चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या हातात एक पुठ्ठा देतात. त्यावर मोठ्यापासून बारीकपर्यंत अक्षरांत काहीतरी अर्थहीन मजकूर असतो. धाकटीने छापखान्यातून नवा पुठ्ठा करून आणला. मजकूर म्हणून तोच नियम.

"हे दुकान आहे की कचेरी?" मालक कुरकुरला.

"काहीतरी वाचायला द्यायचंच ना? मग कामाचं देऊ."

मालक हसला. तेव्हापासून आज्या, मास्तर, गाडीवाले, नवऱ्याबरोबर आलेल्या बायका, सगळे डोळे तपासायच्या खुर्चीवर बसून तो नियम मोठ्याने वाचू लागले. कुणी वाचता वाचता थांबे आणि विचारी, हे खरं का हो? धाकटी मंडळाच्या खिडकीचा पत्ता देई.

असाच एका सकाळी दादा आला. वाळलेला दिसत होता. "हल्ली जवळचं धूसर दिसतं," म्हणाला आणि खुर्चीवर बसला. तिने दुसऱ्या कुणाला घातली असती तशीच चाचणीची फ्रेम त्याच्या नाकावर ठेवली, काच सरकवली आणि पुठ्ठा हातात दिला.

"शाळा बदलताना," दादाने वाचायला सुरुवात केली, "मूल ज्याच्याकडे राहते..." आणि थांबला.

"पुढचं दिसत नाही का?"

"दिसतं."

"मग वाच."

"...त्या एका पालकाची सही पुरेशी आहे," दादाने वाचलं. 

बाकावर एक बाई मुलाला घेऊन चष्म्याची वाट बघत बसली होती. ती उठून जवळ आली आणि दादालाच विचारलं, "हे खरं आहे का हो? तुम्हाला यातलं काही माहीत आहे?"

"खरं आहे," दादा म्हणाला.

"मग माझा भाऊ का म्हणतो, नवऱ्याचीच सही लागते म्हणून? शिकलेला आहे तो चांगला. मी दोनदा जाऊन आले नवऱ्याच्या पाया पडून."

दादाने धाकटीकडे पाहिलं. तिने घरघरणारं गरम हवेचं यंत्र बंद केलं. उत्तर त्यानेच द्यायचं होतं.