कातर आणि म्होरकीचा कान

मित्रांनो, मेंढ्यांची लोकर उतरवण्यात जिचा जन्म गेला, ती जुनी कातर मी. पोलीस अ‍ॅक्शननंतर दोन वर्षांनी औरंगाबादच्या शहागंजात एका लोहाराने मोडक्या लॉरीच्या स्प्रिंगच्या पाट्यातून मला घडवलं. त्यामुळे स्वभाव जरा ताठ आहे, हे आधीच सांगते.

मला फार दिवस वाटायचं, माझं नाव माझं एकटीचं. पण लोहार मला 'कैंची' म्हणे. त्याच्या छपराच्या पत्र्याखाली आधाराला लाकडांची तिरपी जोडणी होती, तिलाही कैंचीच म्हणत. दांड्याखालून पाय घालून सायकल हाणली, तरी लोक म्हणत, कैंची चालवतोय. पुढे पिशोरला मल्हारी धनगराकडे आले, तर त्याची आई सुगंधाबाई दिवस मावळताना म्हणे, कातरवेळ झाली. त्या वेळेला मी तर खुंटीवर असायचे. मग माझं नाव संध्याकाळला कुणी दिलं, याचा मला मोठा घोर लागला.

वर्षातून दोनदा ओढ्यात मेंढ्या धुतल्या की माझं काम सुरू. लोकर सलग उतरली की मल्हारी म्हणे, "हिच्यासारखी दुसरी नाय." मी फुगून जायचे. दुसरं काम कानांचं. कोकरू मोठं झालं की त्याच्या डाव्या कानाचं टोक कातरायचं. मग रानात कळप मिसळले, तरी कानावरून घर ओळखू येई.

मल्हारीचा बाप गेला आणि घरात बिनसलं. मल्हारी म्हणे, मेंढ्या अजिंठ्याच्या डोंगराकडे न्यायच्या. धाकटा भाऊ भिकन म्हणे, हर्सूलच्या तळ्याकडे. शेवटी वाटणी ठरली, वीस-वीस मेंढ्यांची. भिकनने आपल्या मेंढ्यांचा उजवा कानही कातरून नवी खूण करायची होती. सुगंधाबाई मेंढवाड्यापाशी तोंड फिरवून बसली. मला त्या दिवशी चालायचं नव्हतं, पण मला विचारतो कोण?

भिकन रागात होता. मेंढी ओढायची, कान धरायचा, कातरायचा. विसावा कान कातरला आणि त्याचा हात थांबला. ती म्होरकी होती, कळपाच्या पुढे चालणारी, मल्हारीच्या वाट्याची.

"दादा, चुकलं. ही तुझी व्हती," तो म्हणाला. त्याचा आवाज कातर झाला होता. माझं नाव असंही लागतं, हे मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

सुगंधाबाई उठून उभी राहिली. खूण म्हणजे मालकी. यावरून कुऱ्हाडी निघालेली घरं तिने पाहिली होती.

मल्हारीने म्होरकीच्या कानाला हळद दाबली. मग म्हणाला, "म्होरकी तुझी झाली. तिच्यामागं बाकीच्या जाणारच. मी एकटा कुणाला हाकू?"

"दुसरी कोणती बी घे की."

"नगं. आण ती कातर."

उरलेल्या वीस मेंढ्यांचे उजवे कान मल्हारीने स्वतः कातरले. भिकन एकेक मेंढी धरून देत होता. चाळीस मेंढ्यांची खूण पुन्हा एक झाली.

मित्रांनो, आता माझी धार गेली आहे. अधूनमधून तेलाचा थेंब द्या, एवढंच मागते. आणि रागात असाल, तर मला खुंटीवरच राहू द्या. मला फक्त कापता येतं. त्या दिवशी जोडलं ते मल्हारीने.